हा कागद नाटकाकरिता

ऐतिहासिक मालिकेत एखादा कारभारी पत्र लिहायला बसतो. बोरू दौतीत बुडतो, घोटलेल्या कागदावर मोडीची ओळ सरसर उतरते, मागून नटाचा आवाज येतो आणि मग कॅमेरा हळूच वर सरकून त्याच्या चेहऱ्यावर थांबतो. अशा दृश्यांतले काही हात माझे आहेत. बाजीराव, नाना फडणीस, महादजी शिंदे, सगळ्यांच्या वतीने मी लिहिलं आहे. मनगटावर मेकअप, बोटात खड्याची अंगठी, अंगरख्याची बाही कोपरापर्यंत आणि चौकटीबाहेर माझी रोजची पॅंट.

या कामाला कुणी खोटी पत्रं लिहिणं म्हटलं तर मला राग येत नाही, कारण मी तेच करतो. ते खोटं आहे हे पत्र मागणाऱ्याला आधीपासून ठाऊक असतं, एवढाच काय तो फरक. पण पत्र एकदा सेटवरून बाहेर पडलं की हा फरक फार काळ टिकत नाही. त्याबद्दलच लिहायचं आहे.

मूळचा मी पेंटर, म्हणजे पाट्या रंगवणारा. पापडीतली दुकानं, पाचूबंदरच्या होड्यांची नावं, कबरस्तानातल्या क्रुसांवरची अक्षरं, गणपती मंडळाचं कापड, ग्रामपंचायतीची 'येथे कचरा टाकू नये' ही पाटी, सगळं केलं. वसईत तेव्हा हाताला काम होतं. मग फ्लेक्स आला. पाटीला मला दोन दिवस लागायचे, ते काम मशीन चहा संपेपर्यंत करायला लागलं. वर वाढदिवसाचा फोटोही छापून द्यायचं. ब्रश धुऊन ठेवला तेव्हा एका हौशी नाटकमंडळीने सांगितलं, आमच्या पेशवाईच्या नाटकाला एक खलिता हवा आहे. तिथून सुरुवात झाली. पुढे नायगाव पूर्वेला मालिकांचे सेट उभे राहिले आणि तिथल्या आर्ट डिपार्टमेंटच्या मुलांना कळलं की जवळच एक माणूस जुनं अक्षर काढतो.

मोडी मात्र मला तेव्हा येत नव्हती. बोर्डाच्या कामामुळे अक्षराचा आकार डोळ्यात बसतो, पण मोडी पाहून नुसती काढली तर ती नक्षी होते. मग मुंबईला काळ्या घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेख संचालनालय आहे, त्यांच्या मोडीच्या वर्गाला बसलो. बाजूला वकील, निवृत्त तलाठी, कॉलेजातल्या मुली. तिथे पहिली गोष्ट कळली ती अशी की मोडीत आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं टांगतात. मी आयुष्यभर अक्षर काढून झाल्यावर वरची रेघ मारत आलो होतो. शब्दांमध्ये अंतर नाही. पूर्णविराम नाही. वेलांटी एकच, उकार एकच, ह्रस्व-दीर्घाची भानगड नाही. हात उचलायचा नाही, कारण कारकुनाला दिवसभरात ढीगभर कागद उरकायचे असत.

पत्र तयार करण्याची माझी रीत साधी आहे. कागद शक्यतो हातकागद, पुण्याच्या हातकागद संस्थेचा मिळाला तर उत्तम. तो गुळगुळीत दगडाने घोटायचा, म्हणजे बोरू अडकत नाही आणि शाई पसरत नाही. शाई काजळी आणि बाभळीच्या डिंकाची. ही शाई काळीच राहते. मालिकेत जुन्या पत्राची शाई तपकिरी दाखवण्याची आवड सगळ्यांना असते. पण तपकिरी पडते ती लोहयुक्त शाई, साहेबाच्या अमदानीत कचेऱ्यांत सर्रास दिसणारी. काजळीची शाई शंभर-दोनशे वर्षांनीसुद्धा काळीभोर दिसते. खऱ्या दप्तरातला कागद पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला तो नवा वाटतो, इतकी ती टवटवीत असते.

आर्ट डायरेक्टरला मात्र टवटवीत काही नको असतं. त्याला कागदाच्या कडा जळलेल्या हव्यात. चहाच्या पाण्यात बुडवून काढलेला, मेणबत्तीवर कडा भाजलेला, दोन्ही टोकांना लाकडी दांडे आणि मध्ये लाल फीत. मराठ्यांचं पत्र असं नसायचं, मी सांगतो. लांब अरुंद पट्टी असायची, मजकूर वाढला की खाली दुसरी पट्टी डकवायची, मध्ये कुणी वेगळं पान घुसडू नये म्हणून जोडावर शिक्का मारायचा, घडी घालून थैलीत घालायचं. तो ऐकून घेतो. 'काका, बरोबर आहे तुमचं, पण लोकांना कळलं पाहिजे,' म्हणतो. आणि मग कडा भाजल्या जातात. एकेका पत्राच्या तीन-चार प्रती लागतात, कारण सरदाराने संतापून पत्र फाडायचं असतं आणि पहिल्याच टेकला ते नीट फाटेल याची खात्री नसते.

सर्वांत जास्त वाद होतो तो सहीवरून. पत्राच्या तळाशी उजव्या बाजूला महाराजांची सही हवी, असं दर वेळी कुणीतरी म्हणतंच. आपण बँकेच्या फॉर्मवर जिथे सही करतो, तिथेच तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या राजानेही केली असणार, अशी सगळ्यांची समजूत. मराठेशाहीतल्या पत्राला अशी सहीच नाही. मजकूर कारकून लिहितो. धन्याचं नाव पत्राच्या माथ्याशी, मायन्यात येतं. शिवाजी महाराजांच्या कित्येक पत्रांची सुरुवात 'अजरख्तखाने' या फारशी धाटणीच्या मायन्याने होते, राज्याभिषेकानंतर 'क्षत्रियकुलावतंस' येतं. वर अष्टकोनी शिक्का आणि मजकूर संपला तिथे मोर्तबाचा छोटा शिक्का, म्हणजे याच्यापुढे कुणी एक अक्षर वाढवू नये. पेशव्यांच्या पत्रात शेवटचे दोन-चार शब्द कधीकधी खुद्द पेशव्याच्या हातचे असतात, त्यावरून त्यांचं अक्षर ओळखता येतं. महाराजांच्या हातचं, सर्व अभ्यासकांनी मान्य केलेलं एकही अक्षर आज उपलब्ध नाही. तरीही 'महाराजांची सही' म्हणून एक चित्र दर शिवजयंतीला प्रत्येकाच्या फोनवर येतं आणि काहींनी ते दंडावर गोंदवूनही घेतलं आहे.

सेटवर सही काढून द्यावीच लागते. मी एकदा-दोनदा सांगतो, मग काढतो. पण एक पथ्य सुरुवातीपासून पाळलं. जुन्या पत्राच्या शेवटी किंवा पाठीमागे दप्तरात नोंद झाल्याच्या खुणा असत. 'रुजू', 'बार', अशा. कागद कुणाकुणाच्या हातून गेला ते त्यावरून कळतं. माझ्या प्रत्येक कागदावर मी त्याच जागी, तशाच घाईच्या मोडीत एक ओळ लिहितो: हा कागद नाटकाकरिता लिहिला. कॅमेऱ्याला ती शोभून दिसते आणि ज्याला मोडी येते त्याला खरं कळतं.

ज्याला येते त्याला. गेल्या काही वर्षांत माझाच एक कागद मला निरनिराळ्या ग्रुपवर आला. कुणीतरी सेटवर फोटो काढला असावा. खाली लिहिलं होतं, छत्रपतींचं अस्सल हस्ताक्षर, पुढे पाठवा, प्रत्येक मराठी माणसाने पाहिलंच पाहिजे. ओळ जागच्या जागी होती, चांगली ठसठशीत. हात जोडल्याच्या चिन्हांची रांग तिच्याखाली. मी एका ग्रुपवर लिहून पाहिलं की शेवटच्या ओळीत काय आहे ते वाचा. त्यावर एकाने मला विचारलं, तुम्ही महाराजांवर शंका घेता? मी फोन खिशात ठेवला.

चिडण्यात अर्थ नाही. जगभर हेच चालत आलं आहे. फ्रान्समध्ये व्रँ-देनि ल्यूका नावाच्या एका गृहस्थाने मिशेल शाल या नामांकित गणितज्ञाला सत्तावीस हजारांहून जास्त पत्रं विकली. ल्यूकाचा धीर एवढा की क्लिओपात्राचं पत्र त्याने फ्रेंचमध्ये लिहिलं, मेरी मॅग्डालीनचंही फ्रेंचमध्येच. आणि शालनी ती विकत घेतली, सुमारे दीड लाख फ्रँक मोजून. एवढा बुद्धिमान माणूस फसला कसा? त्या ढिगात अशीही पत्रं होती की त्यांवरून गुरुत्वाकर्षणाचा शोध न्यूटनच्या आधी पास्कालने, म्हणजे एका फ्रेंच माणसाने लावला असं ठरत होतं. शालनी १८६७ मध्ये ती मोठ्या अभिमानाने फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे ठेवली. पत्रांतल्या तारखा धरल्या तर पास्कालशी शास्त्रचर्चा करणारा न्यूटन तेव्हा अकरा-बारा वर्षांचा पोर ठरत होता. हिशेब कुणालाही करता आला असता. पण अभिमानाचा कागद समोर आला की माणूस हिशेब करत नाही. १८७० मध्ये ल्यूकाला दोन वर्षांची कैद झाली.

दुसरं उदाहरण १९८३ सालचं, हिटलरच्या डायऱ्यांचं. जर्मनीतल्या 'श्टेर्न' साप्ताहिकाने त्या नव्वद लाखांहून अधिक मार्क देऊन घेतल्या. लिहिणारा होता कोनराड कुयाऊ, त्याचाही हात चांगला वाहता होता. पण जर्मन सरकारच्या अभिलेखागाराने कागद तपासला तेव्हा त्यात कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ते रसायन सापडलं, आणि ते वापरात आलं महायुद्धानंतर. ही तपासणी आता तुम्हीही करू शकता. किराणा दुकानात नोटा तपासायचा निळा दिवा असतो ना, त्याच्याखाली हल्लीचा बहुतेक कागद निळसर चमकतो. दोनशे वर्षांपूर्वीचा चमकत नाही. मी असा दिवा बाळगतो. माझे स्वतःचे कागद त्याच्याखाली धरले की मला हसू येतं.

अक्षराची गंमत मात्र दिव्याखाली कळत नाही, ती हाताला कळते. खरी सही माणूस लिहितो, खोटी सही माणूस काढतो. लिहिताना वेग असतो, रेघ सुरुवातीला आणि शेवटी निमुळती होते. काढताना हात दबकत जातो, वळणावर थांबतो, तिथे शाईचा ठिपका साठतो, उभ्या रेघेला बारीक कंप येतो. आणि खऱ्या माणसाच्या दोन सह्या कधी तंतोतंत जुळत नाहीत. जुळल्या तर एक दुसरीवर ठेवून गिरवली आहे असं समजावं. पुण्याला सीआयडीकडे सरकारी हस्ताक्षरतज्ज्ञ असतात, ते हेच पाहतात, भिंगातून आणि शास्त्राच्या भाषेत. पाटीवाल्या पेंटरला हे शिकवावं लागत नाही, कारण काढणं आणि लिहिणं यांच्यामधल्या भिंतीवरच त्याचा जन्म जातो. हात चांगला आहे हे कळल्यावर लोक काय काय मागतात ते सांगत बसलो तर वेळ जाईल. दहावीच्या निकालावर बापाची सही, सोसायटीच्या ठरावावर गावाला गेलेल्या सभासदाची सही. मी दाराशीच परतवतो.

एका गृहस्थांना मात्र दाराशी परतवता आलं नाही, कारण त्यांची मागणी तशी सभ्य होती. वसईकरांना चिमाजी अप्पांची मोहीम सांगायला नको. १७३७ पासून साष्टी आणि वसई प्रांतात लढाई चालू होती, १७३९ च्या मे महिन्यात पोर्तुगीजांनी किल्ला खाली करायचं कबूल केलं. अणजूरच्या नाईकांसारख्या स्थानिक घराण्यांनी मराठ्यांना मदत केली, हे प्रसिद्धच आहे. आमच्याकडे ही हकीकत देवळातही सांगतात आणि चर्चच्या आवारातही, सांगणारे मात्र वेगवेगळ्या जागी सुस्कारा टाकतात. या गृहस्थांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली गोष्ट अशी की वेढ्याच्या वेळी मूळ पुरुषाने होड्या पुरवल्या आणि अप्पांनी खूश होऊन मानाचं पत्र दिलं. पत्र होतं म्हणे, आजोबांच्या काळात कौलातून पाणी गळलं आणि गेलं.

'गोष्ट खरी आहे, काका,' ते म्हणाले. 'फक्त कागद नाही. तुम्ही सिरियलवाल्यांना अप्पांच्या नावाने लिहून देता, तसा आम्हाला एक द्या. पैशाचं बोला.'

मी या वाक्यावर पुष्कळ विचार केला आहे. खोटा कागद करणारा प्रत्येक जण स्वतःला हेच सांगत असणार. मी काही नवं रचत नाही, हरवलेलं परत आणतो आहे. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. गोष्ट खरी असेलही. मी त्यांना म्हटलं, 'तुम्ही पुण्याला जा. पेशवे दप्तराचे रुमाल तिथे पुराभिलेखागारात आहेत, त्यात वसई प्रांताचे कागद आहेत. होड्या दिल्या असतील तर भाडं दिलं असेल, शेलापागोटं दिलं असेल. पेशव्यांचा कारकून आभार मानायला विसरेल, खर्च टाकायला विसरणार नाही. गावाचं नाव आणि पूर्वजाचं नाव घेऊन शोधा. एक ओळ सापडली तरी ती लाखाची.'

'एवढं कोण शोधत बसणार,' असं म्हणून ते चहा घेऊन गेले.

नंतर गणपतीत त्यांच्या घरी बोलावणं आलं. दिवाणखान्यात मखराशेजारी भिंतीवर सोनेरी चौकटीत पत्र. जळलेल्या कडा. दुसऱ्या कुणीतरी केलं होतं आणि हाताने नाही, फॉन्टने. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली, चांगली गोष्ट झाली, आता ती संगणकावर टाइप करता येते. पण या पत्रातले सगळे 'अ' एकाच छापातले होते, एकसारखे. शब्दाशब्दांत अंतर. वाक्य संपलं की पूर्णविराम. बाळबोधातली, म्हणजे देवनागरीतली, ह्रस्व वेलांटी एका ठिकाणी आणि दीर्घ दुसऱ्या ठिकाणी, शाळेच्या व्याकरणाप्रमाणे अगदी शुद्ध, आणि म्हणूनच चूक. तळाशी उजवीकडे सही: चिमाजी अप्पा. 'अप्पा' हे लोकांनी आदराने म्हणायचं. स्वतःच्या पत्रात ते चिमणाजी बल्लाळ. कुणी आपल्या सहीत स्वतःला काका किंवा दादा म्हणवून घेतो का?

तरी मला सगळ्यांत जास्त करमणूक झाली ती तारखेने. मराठी कागदांत शुहूर सन येतो, आकडा अरबी शब्दांत. कुणीतरी इंटरनेटवर वाचलं असणार की त्यात सहाशे मिळवले की इसवी सन येतो. पण १७३९ मधून सहाशे वजा करून येणारे ११३९ घ्यायचे की त्यात एक मिळवून ११४०, यात त्याचा गोंधळ झाला आणि त्याने 'अर्बैन मया व अलफ', म्हणजे ११४० लिहिलं. शुहूर सन बदलतो मृग नक्षत्र लागतं तेव्हा, पेरणीच्या तोंडावर. वसई पडली ती मे महिन्याच्या मध्यावर, मृग लागायच्या आधी. म्हणजे तेव्हा ११३९च चालू होतं, 'तिसा सलासीन मया व अलफ'. विजयाच्या दिवशीची तारीख घातलेलं हे पत्र एक वर्ष पुढचं होतं. नाव, शिक्का, वीररसाची वाक्यं, या सगळ्यावर मेहनत घेतलेली होती. मोठ्या गोष्टींत खोटं लिहिणारा चुकत नाही, कारण तिथेच त्याचं सगळं लक्ष असतं. तो चुकतो ते कारकुनाच्या कामात, जे खऱ्या माणसाने विचारही न करता केलेलं असतं.

यजमानांनी मला सगळ्यांसमोर ते वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं, जसं होतं तसं. नंतर त्यांना बाल्कनीत नेऊन तारखेचं सांगितलं आणि म्हटलं, 'हे कुठे कामाला लावू नका.' ते हसले. 'कामाला कशाला? भिंतीवर आहे. पोरांना अभिमान वाटतो.'

त्यांना ते खरंच एवढंच वाटतं. पण आपल्या कायद्यात एक तरतूद आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात ती कलम ९० होती, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ती ९२ झाली. कागद तीस वर्षांचा जुना असेल आणि जिथे असायला हवा तिथेच, योग्य ताब्यातून आला असेल, तर त्यावरची सही आणि अक्षर ज्याचं म्हणून दिसतं त्याचंच आहे असं न्यायालय गृहीत धरू शकतं. तरतूद शहाणपणाची आहे, कारण जुन्या कागदाचे साक्षीदार मेलेले असतात. आता हा भिंतीवरचा कागद पाहा. आज तो सगळ्यांना ठाऊक असलेली हौस आहे. तीस वर्षांनी हौस करणारा नसेल, पेंटरही नसेल. नातू चौकट उतरवेल. कागद घरातूनच निघालेला, घराण्याच्या नावाचा, पिवळा पडलेला. तो नातू खोटारडा असणार नाही, तो आजोबांवर विश्वास ठेवणारा असेल. न्यायालय तारीख तपासेलही, पण तोवर भाऊबंदांत दावा उभा राहिलेला असेल.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. मराठी मुलुखात खोटे कागद झाले ते बहुतेक असेच, वतनासाठी, इनामासाठी, मानपानासाठी. इंग्रजांनी इनामांची चौकशी सुरू केली आणि १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार दिले, तेव्हा ज्याच्या-त्याच्या फडताळातून सनदा निघू लागल्या. कुणाच्या खऱ्या होत्या, कुणाच्या कालपरवा लिहिलेल्या. साहेबाला त्यातली कुठली खरी हे ठरवायला एकच जागा होती, पुण्याचं दप्तर. सनद खरी असेल तर तिची नोंद तिथल्या कीर्दीत असली पाहिजे. त्या कमिशनने अन्यायही पुष्कळ केला, खऱ्या इनामदारांचीही इनामं गेली आणि त्या रागाची झळ १८५७ पर्यंत पोचली. पण आज आपण ज्यांच्यावरून पेशवाईचा इतिहास लिहितो ते कागद साहेबाने इतके जपून ठेवले, त्याचं एक कारण खोट्या सनदा पकडायला ते त्याच्या उपयोगी पडत होते, हेही आहे. इतिहासकारांना मात्र त्याने ते दप्तर लवकर उघडून दिलं नाही. इतिहाससंशोधक राजवाडे घरोघर, वाडोवाडी फिरून कागद गोळा करत होते आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापत होते, त्या काळातही दप्तराला कुलूपच होतं. सरदेसायांच्या संपादनाखाली त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड निघाले ते १९३० पासून पुढे.

मोठ्या माणसाच्या नावाच्या प्रत्येक कागदावर शंका घेणं हा त्या माणसाचा अपमान, असं मानणाऱ्यांनी या अभ्यासकांची भांडणं वाचावीत. 'हिंदवी स्वराज्य' हे शब्द ज्यात आहेत ते १६४५ सालचं दादाजी नरसप्रभूंना लिहिलेलं पत्र शाळेत सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्याच्या अस्सलपणावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मिर्झा राजे जयसिंगांना महाराजांनी लिहिलं म्हणून सांगितलं जाणारं फारशी पद्यपत्र तर बऱ्याच जणांनी नाकारलेलं आहे. हे वाद घालणारे महाराजांवर जीव टाकणारेच लोक. कागद कुठून आला, अस्सल की नक्कल, तारीख जुळते का, मायना त्या काळचा आहे का, असे प्रश्न ते विचारतात. त्यांच्यात निकाल देण्याची माझी पात्रता नाही, पण प्रश्न विचारायची रीत त्यांच्याकडून घेता येते. उलट नारायणराव पेशव्यांच्या खुनाची गोष्ट घ्या. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी त्यांना मारलं, रामशास्त्र्यांनी राघोबादादांना दोषी धरलं, एवढं इतिहासात आहे. पण आपल्या तोंडी आहे ते 'ध चा मा'. आनंदीबाईंनी अक्षर बदललं म्हणतात तो कागद कुणी दाखवत नाही. खोटी चिठ्ठी केल्याचा आळ एका बाईवर अडीचशे वर्षं आहे आणि चिठ्ठीच नाही.

आमच्या वसई-विरारला तर हे सगळं समजायला गावाबाहेर जायचीही गरज नाही. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तो या गावात. खऱ्या सहीची किंमत त्याने आम्हाला दाखवली. खोट्या शिक्क्याची किंमत नालासोपाऱ्याने दाखवली. अग्रवाल नगरीतल्या ४१ अनधिकृत इमारतींवर २०२४ च्या अखेरपासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत बुलडोझर फिरला, त्या आधी न्यायालयात गेलेल्या लोकांच्या हातात घराचे कागद होतेच. शिक्के, सह्या, करारनामे. पाटी रंगवणाऱ्या माझ्यासारख्याच्या मनात येतं, एवढे शिक्के कुणीतरी बसून कोरले असणार, कुणीतरी सह्या गिरवल्या असणार. ते हात रस्त्यावर आले नाहीत. रस्त्यावर आली ती माणसं, ज्यांना कागद वाचता येत होता पण तपासता येत नव्हता.

२०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली तेव्हा एकदम सगळ्यांना मोडी वाचणारे हवे झाले. माझाही फोन वाजत होता. जी लिपी दोन पिढ्यांपूर्वी आजोबा घरखर्चाला वापरत, ती वाचायला सरकारला माणसं शोधावी लागली. जिथे वाचणारे इतके थोडे, तिथे मी शेवटच्या ओळीत काहीही लिहिलं तरी काय फरक पडतो, असं एक आर्ट डायरेक्टर मला म्हणाला. मी ओळ लिहायची सोडलेली नाही. आता ती मी दोनदा लिहितो, एकदा मोडीत आणि एकदा मागच्या बाजूला बाळबोधात, मोठ्या अक्षरात, पाटीवर लिहितात तशी.

तुमच्या घरी माळ्यावर जुने कागद असतील तर एवढं करा. त्यांना लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, चौकटीत घालून उन्हाच्या भिंतीवर टांगू नका. सुती कापडात गुंडाळा, मोबाइलवर नीट फोटो काढून ठेवा आणि मग वाचणारा शोधा. कागदात मोठं नाव नसलं तर हिरमुसू नका. कुणाला किती भात दिला, कुणाकडून बैल घेतला, असा कागद सहसा कुणी खोटा करत नाही. आणि वाचणारा सापडला नाही तर स्वतः शिका. मोडीचे वर्ग पुराभिलेख संचालनालय भरवतं. विरारहून चर्चगेटची गाडी थेट आहे, आणि तिथून काळा घोडा चालत गाठता येतो.